आठपट भाड्याची बैठक

बोटीने जाणाऱ्याला आधी एक कोडे सोडवावे लागते: समुद्राकडची केबिन घ्यावी, की बोटीच्या पोटातली स्वस्त? आम्हां ठाणे-कल्याणकरांना हेच कोडे आगगाडीने फार पूर्वी घातले.

१६ एप्रिल १८५३ रोजी सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन १४ डब्यांची गाडी बोरीबंदराहून ठाण्यास आली. १ मे १८५४ रोजी ती कल्याणास पोचली. मुंबई-ठाणे भाडे पहिल्या वर्गाला २ रुपये १० आणे, तिसऱ्याला ५ आणे ३ पै. हिशेब केला तर बरोबर आठपट! पण शेठजी आणि हमाल एकाच इंजिनामागे, एकाच वेळी ठाण्यास उतरत. जादा पैशाने ऐसपैस बैठक मिळे, वेळ नव्हे.

तिसरा वर्ग १९७४ साली गेला. १७ डिसेंबर २०२० रोजी कल्याण मार्गावर वातानुकूलित लोकल आली. ५ मे २०२२ पासून तिचे किमान भाडे ६५ रुपयांवरून ३० वर उतरले. मात्र येथे वर्ग डब्याचा नव्हे, अख्ख्या गाडीचा झाला. साध्या लोकलच्या जागी ती धावली, की साध्या पासवाल्याने फलाटावर थांबावे! ऑगस्ट २०२२ मध्ये कळव्याला प्रवाशांनी कारशेडातून निघालेली अशी गाडी अडवली, बदलापूरही खवळले, आणि मध्य रेल्वेने १० फेऱ्या मागे घेतल्या.

वाचकहो, शेजारच्या डब्यातल्या गादीसाठी हे लोक भांडले नव्हते. त्यांची रोजची गाडीच गेली होती.