आलिशान एसयूव्ही निवडताना
आलिशान एसयूव्ही निवडताना बोधचिन्हापेक्षा बांधणी महत्त्वाची ठरते. टोयोटा लँड क्रूझर ३०० लॅडर-फ्रेम चॅसिसवर उभी असल्याने खडकाळ वाटा आणि जड ओझे पेलते. बीएमडब्ल्यू एक्स ५, मर्सिडीज-बेंझ जीएलई व ऑडी क्यू ७ यांची बांधणी मोनोकॉक आहे. महामार्गावर त्या अधिक स्थिर व सुखद धावतात. टाटा मोटर्सने २००८ मध्ये विकत घेतलेल्या लँड रोव्हरची, २०१९ मध्ये सादर झालेली नवी डिफेंडर मोनोकॉक असूनही एअर सस्पेन्शनसह ९०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते. क्यू ७ मध्ये तिसरी रांग मिळते. मात्र ती मुलांपुरतीच सोयीची. चाचणी फेरी रोजच्या रस्त्यावर घ्यावी. विमा, टायर आणि जवळचे सेवा केंद्र यांचा हिशेब मांडल्यावाचून आगाऊ रक्कम भरू नये.