जागतिक करार, देशी कायदा आणि औषधाची किंमत

मूत्रपिंड आणि यकृताच्या बळावलेल्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या 'नेक्साव्हार' या औषधाचा महिन्याचा खर्च भारतात सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईतील पेटंट कार्यालयातून एक आदेश निघाला आणि तेच औषध बनवून महिन्याला ८ हजार ८८० रुपयांत विकण्याची मुभा हैदराबादच्या नॅटको फार्मा या कंपनीला मिळाली. देशातील हा पहिला अनिवार्य परवाना. पेटंट होते जर्मनीच्या बायर कंपनीचे आणि आदेश होता भारतीय कायद्यानुसार. परंतु त्या कायद्याचे आजचे रूप घडले ते जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे. आंतरराष्ट्रीय नियम सरकारचे हात किती बांधतात आणि किती मोकळे ठेवतात, हे समजून घेण्यासाठी पेटंट कायद्याचा हा प्रवास पाहण्याजोगा आहे.

१९७० चा कायदा

ब्रिटिश राजवटीतील १९११ च्या कायद्यात औषधांवर पेटंट मिळत असे आणि स्वातंत्र्यानंतरही औषधांच्या बाजारपेठेवर परदेशी कंपन्यांचाच वरचष्मा होता. न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सादर केलेल्या अहवालाच्या आधारे संसदेने १९७० मध्ये नवा पेटंट कायदा केला आणि तो १९७२ मध्ये अमलात आला. त्यानुसार औषधावर पेटंट मिळेनासे झाले. ते मिळे केवळ औषध बनविण्याच्या प्रक्रियेवर आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षांसाठी. एकच औषध वेगळ्या प्रक्रियेने बनविण्याचा मार्ग त्यामुळे देशी कंपन्यांना मोकळा झाला.

याचा परिणाम देशाबाहेरही दिसला. एचआयव्हीबाधितांना लागणाऱ्या तीन औषधांच्या उपचाराला पाश्चात्त्य देशांत वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असताना, मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये स्वयंसेवी वैद्यकीय संस्थेला तो वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला.

कराराचे बंधन

जागतिक व्यापार वाटाघाटींची उरुग्वे फेरी १९८६ ते १९९४ या काळात चालली. तिच्यातून व्यापाराशी निगडित बौद्धिक संपदा हक्कांचा करार, म्हणजेच 'ट्रिप्स', पुढे आला. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली, तेव्हा हा करार सर्व सदस्यांवर बंधनकारक झाला. औषधांसह सर्व क्षेत्रांत पेटंट देणे आणि त्याची मुदत किमान २० वर्षे ठेवणे, ही त्यातील मुख्य अट. पूर्वी औषधांवर पेटंट न देणाऱ्या विकसनशील देशांना २००५ पर्यंत सवलत मिळाली. मधल्या काळात येणारे अर्ज स्वीकारून जपून ठेवण्याची व्यवस्था मात्र लगेच करावयाची होती.

भारतात आंतरराष्ट्रीय करार आपोआप कायदा होत नाही. घटनेच्या अनुच्छेद २५३ नुसार त्यासाठी कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे. सरकारने ३१ डिसेंबर १९९४ रोजी वटहुकूम काढला. पण त्याची जागा घेणारे विधेयक राज्यसभेत अडकले आणि वटहुकूम रद्दबातल झाला. केवळ प्रशासकीय सूचनांच्या बळावर अर्ज घेणे पुढे चालू राहिले. अमेरिकेने याविरुद्ध तक्रार केली आणि १९९७ मध्ये तंटा निवारण मंडळ व अपील मंडळ या दोन्ही पातळ्यांवर निकाल भारताच्या विरोधात गेला. प्रशासकीय सूचनांना कायद्याचे पुरेसे अधिष्ठान नाही, असा त्याचा आशय होता. व्यापारी निर्बंधांची टांगती तलवार असल्याने मार्च १९९९ मध्ये संसदेने दुरुस्ती केली. २००२ च्या दुसऱ्या दुरुस्तीने पेटंटची मुदत २० वर्षे झाली.

करारातील मोकळी जागा

याच सुमारास आफ्रिकेतील एड्सच्या संकटाने वाटाघाटींचा सूर बदलला. नोव्हेंबर २००१ मधील दोहा घोषणापत्राने सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणासाठी उपाय योजण्यास ट्रिप्स आड येऊ नये, असे स्पष्ट केले. अनिवार्य परवाना कोणत्या कारणासाठी द्यावा, हे ठरविण्याचे स्वातंत्र्यही प्रत्येक देशाला असल्याचे त्यात नमूद झाले.

२००५ ची मुदत गाठण्यासाठी डिसेंबर २००४ मध्ये पुन्हा वटहुकूम निघाला. तो मार्च २००५ मध्ये संसदेपुढे आला, तेव्हा सरकारला पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे त्यात महत्त्वाचे बदल झाले. औषधांवर पेटंट देणे अटळ होते. परंतु 'नवा शोध' कशाला म्हणावे, याची व्याख्या करारात नव्हती. त्या जागेत कलम ३ (डी) बसविण्यात आले. ज्ञात पदार्थाचे नवे रूप अधिक परिणामकारक नसेल, तर त्यावर पेटंट मिळणार नाही, असे हे कलम सांगते. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणालाही हरकत घेण्याची तरतूदही कायम राहिली.

या कलमाची कसोटी रक्ताच्या कर्करोगावरील 'ग्लिव्हेक' या औषधाच्या प्रकरणात लागली. नोव्हार्टिस या स्विस कंपनीचा अर्ज २००६ मध्ये फेटाळला गेला. हरकत घेणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनही होती. हे कलम ट्रिप्सशी सुसंगत आहे की नाही, हे ठरविणे आपल्या कक्षेत नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारातील परिणामकारकता, हा अर्थ त्या निकालाने निश्चित केला.

'नेक्साव्हार'चा परवानाही करारातील अनुच्छेद ३१ च्या चौकटीत बसणारा होता. पेटंटधारकाला स्वामित्वशुल्क देणे त्यात बंधनकारक असून ते आधी ६ टक्के ठरले व अपिलात ७ टक्के झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा परवाना कायम ठेवला.

दबाव कायम

मोकळीक कागदावर असली, तरी ती वापरणे सोपे नसते. अमेरिकेचे व्यापार कार्यालय बौद्धिक संपदेविषयीच्या वार्षिक अहवालात भारताला दीर्घकाळ विशेष लक्ष ठेवण्याच्या यादीत ठेवत आले असून, कलम ३ (डी) वर त्यात टीका होत आली आहे. 'नेक्साव्हार'नंतर अनिवार्य परवान्यासाठी आलेले अर्ज पेटंट कार्यालयाने २०१३ व २०१६ मध्ये नाकारले. कोविडच्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ट्रिप्समधील तरतुदी तात्पुरत्या स्थगित करण्याचा प्रस्ताव मांडला. जून २०२२ मध्ये हाती आला तो लसींच्या पेटंटपुरता मर्यादित निर्णय.

आता मुक्त व्यापार करारांच्या वाटाघाटींत ट्रिप्सपेक्षा कडक अटींची मागणी होत आली आहे. औषधांच्या चाचण्यांची माहिती ठरावीक काळ इतर उत्पादकांना वापरू न देणे, ही त्यांतील प्रमुख मागणी. अशी अट एकदा स्वीकारली, की पेटंट नसलेल्या औषधाची स्वस्त आवृत्तीही लांबणीवर पडू शकते.

दुसरीकडे, २००५ मध्ये राखलेल्या तरतुदींचा उपयोग अजूनही होत आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील 'बेडाक्विलिन'च्या पेटंटची मुदत लांबविणारा अर्ज पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. हरकत घेणाऱ्यांत या आजारातून बऱ्या झालेल्या दोन महिला होत्या, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची. मूळ पेटंट त्याच वर्षी जुलैमध्ये संपले आणि स्वस्त पर्यायाचा मार्ग खुला झाला. औषधांवर पेटंट देण्याचे बंधन जागतिक करारातून आले; ते कोणत्या औषधावर द्यावयाचे, हे तपासण्याचा अधिकार मात्र भारताने स्वतःच्या कायद्यात जपून ठेवला. पुढील प्रत्येक करारावर स्वाक्षरी करताना सरकारसमोर प्रश्न असेल तो हा अधिकार टिकविण्याचा.