कुंपण पडण्याआधीच्या बैठका

आंदोलनांचा इतिहास आपण बहुतेक वेळा बाहेरच्या कागदांवरून लिहितो: पोलिसांचे अहवाल, वर्तमानपत्रं, खटल्यांची दप्तरं. आज आपण उलट बाजूने जाऊ. अभ्यासकच मोर्चात असेल तर काय दिसतं?

एप्रिल २००१, कॅनडातलं क्वेबेक शहर. अमेरिका खंडांतल्या ३४ देशांचे प्रमुख मुक्त व्यापार कराराच्या बोलण्यांसाठी तिथे जमले होते. त्यांच्याभोवती सुमारे तीन मीटर उंच जाळीचं कुंपण घातलेलं होतं. २० तारखेला दुपारी आंदोलकांनी त्याचा एक भाग पाडला. त्या दोन-तीन दिवसांत पोलिसांनी अश्रुधुराची पाच हजारांहून जास्त नळकांडी फोडली. बातमी झाली ती एवढ्याची.

मानवशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रेबर तिथे होते, ते न्यूयॉर्कच्या ‘डायरेक्ट अ‍ॅक्शन नेटवर्क’चे कार्यकर्ते म्हणून. (आपल्याकडे ‘डायरेक्ट अ‍ॅक्शन’ म्हटलं की १९४६ चं कलकत्ता आठवतं. इथे अर्थ निराळा आहे: मागण्या करत बसायचं नाही, आपण आधीच मोकळे आहोत असं समजून वागायचं.) २००९ मध्ये या अनुभवावर त्यांचं पाचशेहून जास्त पानांचं पुस्तक आलं. ते उघडलं की आपली थोडी निराशाच होते. अश्रुधूर येतो, पण त्याच्या आधी बैठका आणि नंतरही बैठकाच!

पण खरा ऐवज तिथेच आहे. मतदान नाही. छोटे गट आपापला एकेक प्रतिनिधी पाठवतात. प्रस्ताव आवडला तर टाळ्या वाजवायच्या नाहीत, हात वर करून बोटं हलवायची. पटलं नाही तर बाजूला राहता येतं. तत्त्वालाच धक्का बसत असेल तर एकटा माणूसही प्रस्ताव अडवू शकतो. ही रीत क्वेकर पंथाकडून, स्त्रीवादी गटांतून आणि अणुऊर्जाविरोधी चळवळीतून आली. १९७७ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या सीब्रूकला चौदाशेवर लोकांना अटक झाली, त्यांना शस्त्रागारांच्या इमारतींत डांबलं, आणि तिथेही यांच्या बैठका चालूच राहिल्या. धागा आपल्या जवळही येतो बरं का. सिएटलच्या १९९९ च्या आंदोलनाची हाक ज्या ‘पीपल्स ग्लोबल अ‍ॅक्शन’ने दिली, त्याच्या उभारणीत कर्नाटक राज्य रयत संघ होता, त्याच वर्षी त्याची परिषद बंगळुरूला भरली.

आता अडचणीचा प्रश्न. आतला माणूस आतल्या भानगडी झाकणार नाही कशावरून? आम्हाला वाटतं, ग्रेबर बऱ्याच अंशी झाकत नाहीत. या जाळ्यात बहुसंख्य गोरे का, रात्रपाळी करणाऱ्या बाईने चार-चार तासांच्या बैठकीला यायचं कसं, असली भांडणं त्यांच्या लिखाणातून कळतात. पोलीस अहवालात ती कशाला येतील? मात्र कुंपणापलीकडचा शिपाई त्यांना आतून दिसत नाही. तेवढी किंमत या पद्धतीला मोजावी लागते.

तो व्यापार करार पुढे झालाच नाही. २ ऑगस्ट २०११ ला न्यूयॉर्कच्या बोलिंग ग्रीन चौकात एक सभा होती. नेहमीसारखी भाषणं सुरू झाली. ग्रेबर आणि काही जण तिथून उठले, थोड्या अंतरावर गोल करून बसले आणि त्यांनी बैठक सुरू केली. दीड महिन्याने, १७ सप्टेंबरला, वॉल स्ट्रीटजवळच्या झुकोटी पार्कात मुक्काम पडला.