खुर्ची आणि आवाज : तंत्रज्ञान-मानकांच्या घडणीतील सहभागाचा इतिहास

मानक म्हणजे भिन्न देशांतील, भिन्न उत्पादकांची यंत्रे परस्परांशी जुळावीत यासाठी सर्वसंमतीने ठरवलेले माप, रीत किंवा संकेत. आणि ज्याच्या उपस्थितीत ते ठरते त्याच्या गरजा त्यात सहज उतरतात, तर अनुपस्थिताला पुढे त्याच मापात स्वतःला बसवून घ्यावे लागते. या विषमतेची जाणीव होऊन ती दूर करण्याचे संघटित प्रयत्न सुरू होण्यास मात्र जवळजवळ शतकभराचा काळ जावा लागला.

१८६५ मध्ये पॅरिस येथे २० राज्यांनी आंतरराष्ट्रीय तारायंत्र संघ स्थापन केला. आजचा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ हा त्याचाच वारसदार होय. भारताचे नाव या संघात १८६९ पासून आढळते, परंतु ते वसाहतीचे सदस्यत्व होते आणि निर्णय ब्रिटिश प्रशासनाचे होते. खुर्ची असणे आणि आवाज असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणातून स्पष्ट होते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर आशिया व आफ्रिकेतील अनेक देश स्वतंत्र होऊन संघात आले, तरी बैठकांसाठी जिनिव्हास वारंवार तज्ज्ञ पाठवणे, शेकडो पानांचे मसुदे वाचणे आणि प्रयोगाच्या आधारे त्यांवर हरकत घेणे यासाठी लागणारा पैसा व मनुष्यबळ त्यांच्यापाशी नव्हते. आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेने १९६१ मध्ये विकसनशील देशांसाठी स्वतंत्र समिती नेमली, ती याच उणिवेमुळे.

दूरसंचाराच्या क्षेत्रात या विषमतेला दूरध्वनींच्या असमान वाटपाची जोड होती आणि तिचे मोजमाप १९८५ मध्ये जगापुढे आले. सर डोनाल्ड मेटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने दाखवून दिले, की जगातील तीन चतुर्थांश दूरध्वनी अवघ्या नऊ देशांत एकवटले आहेत आणि एकट्या टोकियोतील दूरध्वनींची संख्या संपूर्ण आफ्रिका खंडातील दूरध्वनींहून अधिक आहे. आरंभी उपाययोजनेचा भर तारा आणि यंत्रे पोहोचवण्यावर होता. मानके घडवणाऱ्या प्रक्रियेतील दरी हाही स्वतंत्र प्रश्न आहे, हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २००२ च्या माराकेश परिषदेतील १२३ व्या ठरावाने अधिकृतपणे मान्य केले. २००४ मध्ये ब्राझीलमधील फ्लोरियानोपोलिस येथे भरलेल्या संघाच्या मानकीकरण सभेत त्याला ठोस कार्यक्रमाची जोड मिळाली आणि पुढे प्रतिनिधींना प्रवासासाठी शिष्यवृत्ती, अभ्यासगटांचे प्रादेशिक गट, दूरस्थ सहभाग, तसेच प्रस्ताव लिहिण्याचे व तो सभेत मांडण्याचे प्रशिक्षण ही साधने रुळली. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या अभियंत्यांच्या बैठकांसाठीही इंटरनेट सोसायटीने २००६ पासून विकसनशील देशांतील तज्ज्ञांना अशीच शिष्यवृत्ती देऊ केली.

अशा क्षमतेचे मोल पाचव्या पिढीच्या मोबाइल तंत्रज्ञानाच्या वेळी भारताने अनुभवले. नव्या तंत्रज्ञानाची ग्रामीण चाचणी दोन मनोऱ्यांमध्ये सुमारे पावणेदोन किलोमीटर अंतर आणि महामार्गावरील भरधाव वाहने गृहीत धरून होत असे. भारतातील वास्तव निराळे होते. ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर नेऊन तेथील एकाच मनोऱ्यावरून भोवतालच्या वाड्या-वस्त्यांना सेवा देणे येथे परवडणारे होते, आणि वापरकर्ता बहुधा घरात किंवा पायी असे. भारतीय दूरसंचार मानक संस्था आणि आयआयटी हैदराबाद, आयआयटी मद्रास आदी संस्थांतील संशोधकांनी हे वास्तव गणिती प्रतिरूपात मांडून त्याचा पाठपुरावा केला. परिणामी २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मूल्यमापन-पद्धतीत ‘कमी गती, मोठे क्षेत्र’ हा प्रकार समाविष्ट झाला, ज्यात मनोऱ्यांमधील अंतर सहा किलोमीटर धरले आहे. त्यावर आधारलेले भारतीय तंत्र-प्रस्तावही पुढे जागतिक मानकात विलीन झाले.

या यशामागे सभेतील एखादे प्रभावी भाषण नव्हते. वर्षानुवर्षे त्याच समितीत बसणारी, मागील मसुद्यांचा इतिहास जाणणारी आणि हरकतीला आकडेवारीने उत्तर देणारी माणसे होती. म्हणूनच एखाद्या कार्यशाळेने किंवा एका प्रवासखर्चाने क्षमता निर्माण होत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या जागतिक दूरसंचार मानकीकरण सभेने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मानकीकरणाविषयी पहिला ठराव संमत केला, आणि सहाव्या पिढीच्या मोबाइल तंत्रज्ञानाची मोजपट्टीही आज घडते आहे. ती पूर्ण होण्याआधी ज्या देशांची माणसे तेथे बसलेली असतील, त्यांच्याच गावांची अंतरे तिच्यावर उमटतील.