लखनौची ‘इंदरसभा’

“नाटके वाचून मुलांचा अभ्यास तो काय होणार?” असे काही पालक विचारतात. त्यांनी आगा हसन ‘अमानत’ यांची ‘इंदरसभा’ एकदा वाचावी. लखनौच्या या शायराची ऐन तारुण्यात वाचा गेली होती. पुढे ती परत आली, तरी जीभ अडखळतच राहिली. त्यांनीच १८५३ च्या सुमारास हे पद्यमय उर्दू नाटक रचले.

दरबार पुराणांतील इंद्राचा, पण त्यात नाचतात फारसी कथांतील पऱ्या! सब्जपरी गुलफाम नावाच्या मानवावर प्रेम करते, म्हणून पंख छाटून तिला हाकलले जाते. मग ती जोगीण होऊन येते व गाण्याने इंद्राला जिंकते. गझलेशेजारी ठुमरी आणि होरी. त्या काळचे लखनौ कोणती भाषा, कोणते सूर आपले मानत होते, हे विद्यार्थ्याला येथे थेट ऐकू येते.

नवाब वाजिद अली शाह स्वतः त्यात इंद्र झाले, ही कथा सर्रास सांगितली जाते. मसूद हसन रिझवी यांनी ती खोडून काढली. त्यांच्या मते हा खेळ दरबारचा नव्हे, लोकांचा होता. १८५६ साली इंग्रजांनी अवध खालसा केले, दरबार उठला. नाटक मात्र मुंबईच्या पारशी कंपन्यांनी उचलले, आणि १९३२ साली त्याचा बोलपट निघाला, तोही सत्तरच्या आसपास गाण्यांचा.