टाकीत काय ओतायचं, हे कुणी ठरवलं?

१९४८ साली आपल्याकडे 'इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट' नावाचा कायदा झाला. साखर कारखान्यांत उरणाऱ्या मळीपासून अल्कोहोल काढायचं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळायचं, त्यासाठीचा हा कायदा. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं नागपूरच्या उत्तरेला जरीपटक्यात संसार उभे करत होती, त्याच सुमाराची ही गोष्ट. 'हे नवीन ई-२० आलं आणि गाड्यांची वाट लागली' असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात तेव्हा मला हे साल आठवतं.

मी जरीपटक्यात वाढलो. इंजिनिअरिंग केलं ते कॉम्प्युटरचं, त्यामुळे गाडीतलं मला जे कळतं ते निम्मं वाचून आणि निम्मं गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मिस्त्रींकडून. त्यांचा एक आवडता सिद्धान्त आहे : "गाडी खराब नाही होत भाऊ, पेट्रोल खराब राह्यते." अतिशयोक्ती आहे, मान्य. पण गेल्या शंभर वर्षांत पेट्रोलमध्ये काय काय मिसळलं गेलं हे पाहिलं की वाटतं, माणूस अगदीच चुकीचं बोलत नाही. आणि जे मिसळलं गेलं ते ठरवताना गाडी चालवणाऱ्याला जवळपास कधीच कुणी विचारलेलं नाही.

सुरुवात एका आवाजापासून करावी लागेल. कामठी रोडच्या डबल डेकर पुलावर डबल सीट, टॉप गिअरमध्ये चढताना इंजिनातून टकटक ऐकू आली, तर ते नॉकिंग असू शकतं. स्पार्क पडल्यावर पेट्रोल-हवेचं मिश्रण एका टोकाकडून शिस्तीत जळत जायला हवं. तसं न होता उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपलं आपणच पेटतं. पिस्टनवर हातोडी मारल्यासारखा तो आवाज येतो, आणि असं फार दिवस चाललं तर पिस्टनला खरोखरच भोक पडू शकतं. पेट्रोल हे असं अवेळी पेटणं किती सोसतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत जनरल मोटर्सचे थॉमस मिजली याच टकटकीवर औषध शोधत होते. १९२१ च्या डिसेंबरमध्ये त्यांना ते सापडलं : टेट्राएथिल लेड, म्हणजे शिसं. लिटरभर पेट्रोलला चिमूटभर पुरायचं. अल्कोहोलनेही नॉकिंग थांबतं हे त्यांना ठाऊक होतं, पण ते भरपूर घालावं लागतं, आणि कुणीही शेतकरी ते गाळू शकतो, त्याचं पेटंट कसं घेणार? १९२३ पासून शिसं घातलेलं पेट्रोल विकायला आलं. जाहिरातीत शिशाचं नाव नव्हतं, नुसतं 'एथिल'. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीच्या कारखान्यात ते बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तरी धंदा कायमचा थांबला नाही. जगातल्या पंपांवरून ते पूर्ण जायला २०२१ साल उजाडलं. शेवटचा देश अल्जेरिया.

आपल्याकडे एप्रिल १९९५ मध्ये चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. जुन्या फोर-स्ट्रोक इंजिनांत शिशाचा एक थर व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसून तिची झीज रोखायचा, त्यामुळे ते गेल्यावर काही जुन्या गाड्यांना फटका बसणं शक्य होतं. पण तेव्हाची आपली लुना, चेतक, राजदूत, आरएक्स-१०० ही सगळी टू-स्ट्रोक मंडळी. त्यांत तसे व्हॉल्व्हच नसतात! झिजायला काही नव्हतंच.

त्यांचं दुखणं वेगळं होतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल क्रँककेसमधून जातं, तिथे वेगळं इंजिन ऑइल नसतं, म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल कालवावं लागतं. कमी पडलं तर पिस्टन जाम. जास्त झालं तर प्लग काळा आणि मागे धुराचा लोट. माझ्या वयाच्या लोकांनी हे फार पाहिलेलं नाही, पण बाबांच्या पिढीला 'पन्नासचं पेट्रोल, ऑइल मारून' हे वाक्य तोंडपाठ आहे. ऑइल कुठलं आणि किती, हे बरेचदा पंपावरच्या पोऱ्याच्या हातावर अवलंबून असायचं. दिल्लीत तर सुटं टू-टी ऑइल विकण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९८ च्या अखेरीस बंदी आली. आपल्या हातात काही निवड होती, ती एवढीच काय ती.

यानंतरची मिसळ बेकायदा होती, आणि तिच्यासाठी महाराष्ट्रात एक माणूस जाळला गेला.

रेशनचं रॉकेल गरिबाच्या स्टोव्हसाठी स्वस्त ठेवलेलं. २०११ च्या सुरुवातीला ते लिटरला बारा-तेरा रुपयांच्या घरात होतं आणि पेट्रोल साठीच्या पुढे. या फरकावर एक अख्खा काळा धंदा उभा होता. इंजिनाच्या दृष्टीने रॉकेल म्हणजे जड, कमी ऑक्टेनचं तेल. ते पूर्ण जळत नाही, पिस्टनच्या डोक्यावर काजळी धरते, नॉकिंग वाढतं, आणि न जळलेलं रॉकेल रिंगांच्या फटीतून खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करतं. मग बेअरिंग जातात. मालकाला वाटतं, गाडीच वाईट निघाली.

२५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडीला एका ढाब्यापाशी टँकरमधून भेसळीचा प्रकार चाललेला दिसला. तेल कंपन्यांचे मोठे डेपो याच भागात आहेत. सोनवणे मोबाइलवर चित्रण करू लागले. भरदिवसा त्यांच्यावर इंधन ओतून त्यांना पेटवून देण्यात आलं. त्यानंतर राज्यभरचे सरकारी कर्मचारी काम बंद ठेवून रस्त्यावर उतरले होते. 'भेसळ' हा शब्द आपण दुधाबद्दल बोलावा तितक्या सहज पेट्रोलबद्दल बोलतो. मी तो वापरताना आता थोडा थबकतो.

गंमत म्हणा किंवा काही, कायदेशीर मिसळीचा नवा अध्यायही याच मनमाडला सुरू झाला होता. २००० साली तो जुना पॉवर अल्कोहोल कायदा अडगळ म्हणून रद्द झाला. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल घालण्याचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले : महाराष्ट्रात मिरज आणि मनमाड, उत्तर प्रदेशात बरेलीकडे. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण आलं आणि मग बरीच वर्षं रेंगाळलं. २०२२ च्या जूनपर्यंत दहा टक्के गाठले. ६ फेब्रुवारी २०२३ ला ई-२० पंपावर आलं, आणि २०३० चं वीस टक्क्यांचं उद्दिष्ट २०२५ मध्येच पूर्ण झालं. आता यात मळीबरोबर मका आणि तांदूळही आहे. विदर्भात ऊस तसा नावालाच, पण जरीपटक्यातली प्रत्येक स्कूटी आज पाचव्या हिश्शाने अल्कोहोलवर धावते.

इंजिनासाठी हे चांगलं की वाईट? दोन्ही. ज्या टकटकीसाठी मिजलींनी शिसं घातलं, ती इथेनॉल विषाशिवाय थांबवतं. त्याचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बरंच जास्त आहे. इंजिनच त्यासाठी बनवलं तर प्रश्न उरत नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये नागपूरच्याच रस्त्यांवर जवळपास पूर्ण इथेनॉलवर चालणारी बस उतरली होती, आणि २०१९ मध्ये निव्वळ इथेनॉलवरची अपाचे बाइकही आली.

अडचण आहे ती आधीच्या गाड्यांची. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश. कार्बोरेटरच्या जेटचं भोक ठरलेल्या मापाचं, इथेनॉल वाढलं म्हणून ते मोठं होत नाही. मग मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जरा जास्त तापतं. मे महिन्यात ४५ अंशांच्या नागपुरात ते 'जरा'सुद्धा जाणवतं. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या हे बऱ्यापैकी सावरून घेतात. दुसरं, जुन्या रबराचे पाइप आणि सील इथेनॉलने फुगतात, मग चिरतात. तिसरं पाणी. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं असेल तर विरघळवून जाळूनही टाकतं, पण मर्यादेपलीकडे गेलं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. इंजिन पेट्रोल घेतं ते तळातूनच.

आमची घरची गाडी २०१४ ची, कार्बोरेटरवाली. मी पुण्याला नोकरीला, बाबा आता फार चालवत नाहीत, त्यामुळे ती पावसाळ्यात महिना महिना अंगणात उभी असते. गेल्या वर्षी सुरूच होईना. मिस्त्रींनी टाकीच्या तळचं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढलं आणि उन्हात धरलं : खाली दोन बोटं वेगळाच थर, मधे स्वच्छ रेघ. झाकणाचं रबर कडक होऊन पावसाचं पाणी आत झिरपत होतं. सगळा दोष इथेनॉलला देता येणार नाही, पाणी तर आमच्याच झाकणातून गेलेलं. "उभी नको ठेवत जा भाऊ, आन ठेवलीच तं टाकी फुल ठेव," मिस्त्री म्हणाले. हे शास्त्राला धरून आहे : टाकीत हवा कमी, तर ओल कमी.

मग महागडं 'प्रीमियम' पेट्रोल भरावं का? माझं मत : नाही. साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत दाब इतका कमी असतो की जादा ऑक्टेनचा तिला उपयोग नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये १०० ऑक्टेनचं, इथेनॉल नसलेलं पेट्रोल निवडक शहरांत आलं, तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता. त्या पैशात दर महिन्याला नवे पाइप येतील.

ब्राझीलचं उदाहरण आपले मंत्री नेहमी देतात, आणि ते अर्धंच देतात. तिथे १९७५ पासून इथेनॉलचा कार्यक्रम आहे, पेट्रोलमध्ये इथेनॉल आपल्यापेक्षा जास्त आहे, हे खरं. पण तिथल्या पंपावर निव्वळ इथेनॉल वेगळं मिळतं, आणि २००९ पासून दोन्हींवर चालणाऱ्या मोटरसायकलीही आहेत. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांपेक्षा कमी असेल तर इथेनॉल भरायचं, एवढा हिशेब तिथला माणूस पंपावर उभ्या उभ्या करतो. निवड त्याची.

आपल्याकडे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने आधीच लिहून ठेवलं होतं की जुन्या धाटणीच्या दुचाकींचं मायलेज ई-२० वर तीन-चार टक्क्यांनी घटेल, आणि म्हणून हे पेट्रोल साध्यापेक्षा स्वस्त असावं. घट आली, स्वस्ताई आली नाही. बिनइथेनॉलचं पेट्रोलही मिळावं आणि पंपावर इथेनॉलचं प्रमाण ठळक लिहावं, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. १ सप्टेंबर २०२५ ला ती फेटाळली गेली.

मी ही बातमी मिस्त्रींना वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतली, हात पुसले आणि म्हणाले, "मंग पाइप बदलवून घे."