देव मामलेदार

‘मामलेदार’ या शब्दाला आपल्याकडे ‘देव’ हें उपपद सहसा लागत नाहीं. शहाण्यानें कचेरीची पायरी चढूं नये, असेंच आपण ऐकत आलों. सारा, जप्ती, दाखला आणि साक्ष यांच्या निमित्तानें ज्याच्यापुढें हात जोडून उभें राहावें लागे, तो तालुक्याचा मुलकी अधिकारी रयतेच्या प्रेमापेक्षां धाकाचाच विषय असे. असें असतां बागलाणांत, आरम नदीच्या कांठीं, सटाणें गांवीं एका मामलेदाराचें देऊळ आहे आणि मार्गशीर्ष वद्य एकादशीस त्यांच्या नांवाची यात्रा भरते. विशेष हें कीं, लोकांनीं त्यांस देव केलें, तरी त्यांचें मामलेदारपण काढून घेतलें नाहीं. संत, स्वामी, महाराज या पदव्या त्यांस मिळाल्या. परंतु ‘देव मामलेदार’ हेंच नांव तोंडोतोंडीं राहिलें. या जोडनांवाचा अर्थ काय, याचा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

यशवंत महादेव भोसेकर यांचा जन्म १३ सप्टेंबर १८१५ रोजीं पुण्यास झाला. पेशवाई बुडण्यास तेव्हां तीनच वर्षें उरलीं होतीं. नव्या अमलानें जुन्या राज्यांतील मामलेदार हें नांव ठेविलें, पण त्याच्या हातचा सैलपणा ठेविला नाहीं. प्रत्येक रुपयामागें नियम आणि प्रत्येक नियमामागें वरिष्ठांचा हुकूम आला. या चाकोरींत यशवंतराव लहान वयांतच कारकून म्हणून शिरले आणि पायरी पायरीनें चढत मामलेदार झाले. खानदेश व नाशिक या बाजूच्या तालुक्यांत त्यांच्या बदल्या होत राहिल्या. संसार टाकून रानांत गेलेला हा साधु नव्हे. उभा जन्म दप्तराचे रुमाल सोडण्याबांधण्यांत घालविलेला हा गृहस्थ होता.

नाशिक जिल्हा १८६९ मध्यें वेगळा झाला. सटाण्याचा कारभार यशवंतरावांकडे होता तो याच सुमारास. बागलाणची बागाईत नद्यांवरील बंधाऱ्यांवर आणि त्यांखालच्या फडांवर चाले. पाऊस चुकला कीं बंधारा कोरडा आणि फडहि कोरडा. १८७०-७१ मध्यें तसा दुष्काळ पडला. परंपरा सांगते कीं, प्रथम यशवंतरावांनीं घरचें होतें नव्हतें तें वाटलें आणि तें सरल्यावर सरकारी खजिना उघडून एक लक्ष सत्तावीस हजार रुपये भुकेलेल्यांस दिले. पुढें वरिष्ठ तपासणीस आले, पेट्या उघडल्या, तों रक्कम पैन् पै भरली! देवानें भक्ताची लाज राखली, असें म्हणून कथा संपते.

ही कथा ऐकतांना मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आठवण कोणास होणार नाहीं? बहामनी अमलांत त्यांनीं सरकारी धान्याचीं कोठारें दुष्काळांत लुटविलीं आणि विठ्ठलानें विठू महाराच्या रूपानें बेदरास जाऊन त्यांची रक्कम भरली. महिपतीनें अठराव्या शतकांत तें आख्यान गाऊन घरोघर पोंचविलें. दोन्ही कथांत देव येतो तो धान्य घेऊन नव्हे, हिशेब घेऊन येतो. भुकेल्यास अन्न देण्याचें काम माणसानेंच करावयाचें. देवाचें काम वहीची बाकी शून्य करण्याचें. लोकबुद्धीची ही वांटणी मोठी मार्मिक आहे. रयतेस आपला मामलेदार दयाळू हवा होता, पण अपहाराचा डाग लागलेला नको होता.

आम्हांस मात्र एक शंका येते. खजिना पुन्हा भरणार, हें जर ठाऊक असेल, तर तो रिता करण्यांत पुरुषार्थ कोणता? चमत्कारानें यशवंतरावांचा मान वाढतो, पण त्यांचें धाडस झांकलें जातें. परंपरा सांगते तें खरें धरलें, तर ज्या घटकेस त्यांनीं कुलूप काढविलें, त्या घटकेस त्यांच्यापुढें दोनच गोष्टी होत्या: दारांतील माणसें आणि डोक्यावरील नोकरी, अब्रू व तुरुंग. पैसा त्यांचा नव्हता, हा आक्षेप खोटा नाहीं. प्रत्येक अधिकारी आपल्या दयेप्रमाणें खजिना उघडूं लागला, तर राज्य चालणार नाहीं. पण तो पैसा आला होता त्याच रयतेच्या साऱ्यांतून, आणि तिला उपासमारीच्या वेळीं काय द्यावें, याची संहिता त्या काळीं लिहिलीच गेली नव्हती. दुष्काळसंहितेचा मसुदा १८८३ मध्यें निघाला; तत्पूर्वीं १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळांत दक्षिण देश उजाड झाला. त्या वेळीं रिचर्ड टेंपल यांनीं सरकारी कामावरील मजुरास दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारें अर्धा शेर धान्याची किंमत व वर थोडे पैसे, एवढी मजुरी ठरविली. नियम होता, हिशेब चोख होता, माणसें मेलीं. या पार्श्वभूमीवर सटाण्याची कथा ठेवून पाहिली, म्हणजे लोकांनीं ती इतकी जपून कां ठेविली, हें उमगतें.

चाकरी संपल्यावर लोकांनीं यशवंतरावांस एकांत लाभूं दिला नाहीं. दर्शनास रीघ लागे. ११ डिसेंबर १८८७ रोजीं, मार्गशीर्ष वद्य एकादशीस, नाशिक येथें त्यांचा देह पडला. गोदेच्या कांठचें यशवंतराव महाराजांचें पटांगण आजहि त्यांचें नांव सांगतें. बहात्तर वर्षांच्या या आयुष्यांत राज्य जिंकणें नाहीं, ग्रंथरचना नाहीं. आहे ती एक कचेरी आणि एक कुलूप.

मामलेदार हा शब्दहि आतां मागें पडला. त्या खुर्चीवर तहसीलदार बसतो. रयतेचें गाऱ्हाणें मात्र तिच्यापुढें तसेंच उभें असतें. सटाण्याच्या यात्रेंत नारळ फोडणाऱ्या शेतकऱ्यास खजिना भरल्याचें नवल वाटत असेल. आम्हांस तो उघडल्याचें वाटतें.